होडीतला कोंबडा

अडुम्पोआनो
बुधवार, ८ जुलै १९९८

श्रीयुत कोबिना एसिल्फी,

काल दुपारी हातातला माईक टेबलावर ठेवून आपण चालू लागलात, ते अजून चालतच आहात की कुठे टेकलात, एवढं विचारायला हे पत्र. टेकला असाल तर वरच्या आळीत बापाच्या घरी, हे मला ठाऊक आहे. बाजारातल्या मासेवालींनाही ठाऊक आहे. तीन गल्ल्यांपलीकडे बसलेल्या स्वतःच्या नवऱ्याला पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. केन्केवाली मानसा दोन्ही आळ्यांत फिरते, तिच्या टोपलीतून पाठवतेय. कागदाला केन्के चिकटला असेल तर खरवडून खा, तुझं धड जेवण झालं नसणार.

संध्याकाळी मी स्वतः आले होते. कुणी सांगितलं का तुला? एबोकाका दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, "सूनबाई, आज होडीवाल्यांच्या पोरीला आत घेता यायचं नाही. राग मानू नकोस. पाणी हवं तर बाहेर आणून देतो." लग्नात माझ्या बाजूने सगळ्यात मोठ्याने गायलेला माणूस हा. मी पाणी न पिताच परत आले.

मला अजून काही उमगत नाहीये रे. सकाळपासून मी कालचा दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात लावून बघते आणि दर वेळी त्याच जागी अडकते. दोन्ही आळ्यांच्या शिवेवरची ती पडीक जागा कुणी घेत नव्हतं, कारण तिथे आपल्या आज्या-पणज्यांची डोकी फुटायची. वर कोंबडेवाल्यांची कंपनी, खाली होडीवाल्यांची, दोन्ही पिढीजात लढाऊ पथकं. 'मग कलाघर इथेच झालं पाहिजे,' असं म्हणणारा कोण? तू. न्काबोम, म्हणजे एकत्र येणं, हे नाव कुणी सुचवलं? तूच. माहितीपत्रकात 'प्रत्येकाचं चित्र सर्वांचं आहे' हे वाक्य कुणाचं, तेही सांगू का? उत्तरेतल्या सिरिगूच्या बायका भिंती रंगवायला आल्या, झोंगो मोहल्ल्यातल्या शिंप्यांनी झग्यांवरची नक्षी दिली, व्होल्टा नदीपलीकडच्या विणकरांनी कापडं दिली. उद्घाटनही मुद्दाम मंगळवारी ठेवलं, मंगळवारी कुणी समुद्रात जात नाही म्हणून. सगळं गाव आलं होतं.

आपल्या गावाचं म्हणून मी दर्शनी भिंतीवर एकच चित्र काढलं. तुमच्या कंपनीचं चिन्ह कोंबडा, आमच्या कंपनीचं होडी. आजवर दोन्ही कधी एका निशाणावर आली नाहीत, म्हणून होडीत उभा राहिलेला कोंबडा. तुला चकित करायचं म्हणून दाखवला नव्हता. फक्त माझ्या आबांना दाखवला होता. म्हातारा इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं, पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाब्बास, बापाची लेक." मला काय बरं वाटलं होतं.

मग चित्रावरचा पडदा बाजूला झाला. तू बोलत होतास, "या घरात कुणीही परका..." आणि चित्राकडे वळून पाहिलंस. पहिल्या रांगेतले तुमचे म्हातारे उठले. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी मला शिवीही दिली नाही. खुर्च्या सरकल्याचा आवाज तेवढा झाला. आणि त्यांच्यामागून तू.

परका काय, कोबिना? ते वाक्य तरी पुरं करून जायचंस.

तुझी (अजून तरी)
अराबा


शनिवार, ११ जुलै

कोबिना,

तू नाही आलास, पण तुझ्या कंपनीचे तिघे आले. मी रीतीप्रमाणे आधी पाणी दिलं, मग येण्याचं कारण विचारलं. एबोकाकांनी घसा साफ केला. पुढचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण ते तू ऐकलं असशील तर तू गप्प कसा राहिलास हे मला जाणून घ्यायचंय.

"सूनबाई, होडीत कोंबडा कशाला घालतात?"

मी म्हटलं, "काका, प्रतीक आहे ते. दोघं मिळून प्रवासाला निघालेत."

"कोंबडा प्रवासाला निघालाय? कुठे? मावशीकडे?"

बाकीचे दोघे छताकडे बघत होते.

"तू होडीवाल्यांची. तुझे भाऊ समुद्रात जातात. होडीत कोंबडा चढलेला पाहिलायस कधी?"

"पाहिलाय."

"उतरलेला पाहिलायस?"

खरंच सांगते, त्या घडीपर्यंत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी होडीवाल्यांच्या घरात वाढले, लांबच्या खेपेला निघालेल्या होडीत पायाला दोरी बांधलेला कोंबडा किती वेळा पाहिलाय, आणि दुपारी समुद्रात शिजलेल्या त्याच्या रश्श्याच्या गोष्टी भावांच्या तोंडून ऐकल्यात. पण रंगाचा डबा हातात घेतला की मला ते आठवेनासं झालं. मला रेषा दिसत होत्या. लाल तुऱ्याखाली निळी होडी किती छान उठून दिसते, हे दिसत होतं.

आणि मग मला आबांचं हसणं आठवलं. ते चित्र त्यांना कळलं होतं. होडीवाल्यांचे सुपी ते. निशाणं, ढोल आणि बारूद त्यांच्याच कुलपात असतात, आणि निशाणावरचा टोमणा ओळखणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा. त्यांनी ओळखला आणि मला थाप देऊन कामाला लावलं.

तुमच्या लोकांची मागणी अशी: भिंत पुसायची, आणि आबांनी स्वतः मेंढा आणि दारूची बाटली घेऊन तुमच्या कंपनीच्या चौथऱ्यावर यायचं. मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "मेंढा? त्यांना कोंबडा पुरेल की."

राजधानीतून, अक्राहून, कलाघराच्या देणगीदार संस्थेच्या बाईंचा निरोप आला, की चित्राने लोकांत चर्चा घडवली हे वाचून त्यांना फार आनंद झाला.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण काल सकाळी आपली एसी ताट समोर घेऊन नुसती बसली होती. मी विचारलं, बरं नाही का? तर म्हणाली, "आई, मी या घरात जेवलेलं चालेल का? वरच्या आजीने विचारून घ्यायला सांगितलंय."

स्वतःच्या आईला. पंधरा वर्षांची पोर. मी म्हटलं, "हे घर कुणाचं आहे असं वाटतं तुला?" ती म्हणाली, "तुझं आणि बाबांचं होतं. पण बाबा नाहीत ना आता." कूळ आईचं, कंपनी बापाची, ही आपली रीत मला जन्मापासून पाठ आहे. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसेल असं मात्र वाटलं नव्हतं. शेवटी ती जेवली, पण मासळीला हात लावला नाही. मासळी खालच्या आळीची ना.

तूच सांग, मी तिला काय सांगायचं? लेखी सांग, तोंडी सांग, मानसाला सांग. पण सांग.

अराबा


सोमवार, २० जुलै

कोबिना,

तुझं मौन मी आता वाचायला शिकले आहे. आज तुला एक मजेची गोष्ट सांगते, म्हणजे मला ती मजेची वाटत नाही.

या गावात माझ्यावर इतकं प्रेम कुणी कधी केलं नव्हतं. मी किनाऱ्यावरून जाते तर जाळी ओढणारे थांबून टाळ्या वाजवतात. रोज सकाळी दारात टोपलीभर मासे येतात आणि कुणी दाम घेत नाही. कलाघर उभं राहत होतं त्या पाच वर्षांत ज्यांनी तिकडे पाऊल टाकलं नाही, ते नातवंडांना घेऊन भिंत बघायला येतात आणि पोट धरून हसतात. परवा आबांच्या अंगणात बैठक झाली, मला कंपनीची कप्तान करायची म्हणून. मी म्हटलं, मी दोन्ही कंपन्यांना एकत्र आणायला निघाले होते. एक म्हातारा म्हणाला, "आणलंस की. त्यांना तोंडात आणि आम्हाला पंगतीत." सगळं अंगण हसलं. हसू मलाही आलं, कोबिना. एकदाच, पण आलं.

आयामपोका आणि तिच्या सिरिगूच्या बायकांनी काम थांबवलंय. आयामपोका शिडीवरून उतरून सरळ म्हणाली, "आमच्याकडे भांडणाच्या घराची भिंत रंगवत नाहीत. रंग धरत नाही."

मी म्हटलं, "भांडण मिटवायला काय करू?"

"मला काय विचारतेस? मी परकी. माझ्या नवऱ्याने तर दुसरी केली, तरी मी भिंत रंगवत होते. तुझं काहीतरी निराळंच आहे."

मग मी गुरुवारी उठले, चुन्याची बादली घेतली आणि कोंबडा पुसला. तुमच्या लोकांचा राग कोंबड्यावरून ना? घ्या, नाही कोंबडा. मला खरंच वाटलं की संपलं. खाली उतरून हात धुतले आणि तू येशील म्हणून यामचा कंद चिरायला घेतला.

बाजारात सासूबाई भेटल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. शेजारच्या टोमॅटोवालीशी बोलल्या, मला ऐकू जाईल अशा बेताने. "होडी रिकामी दिसतेय आज," म्हणाल्या. "जेवण उरकलेलं दिसतंय."

मी तिथेच पिशवी खाली ठेवली. कुणीतरी मला स्टूल दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आधी तो नुसता होडीत होता, आता मी तो शिजवून वाढलाही. जाता जाता सासूबाईंनी टोमॅटोवालीला आणखी एक सांगितलं, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणावं." दुपारपर्यंत वरच्या आळीची पोरं तेच ओरडत कलाघरावरून जात होती.

याम वाया गेला.

अराबा


मंगळवार, २८ जुलै

कोबिना,

एसी पोचली असेल. मी तिला अडवलं नाही, हे तिला कुणी वेगळं सांगू नये म्हणून लिहिते. तिने स्वतःची चटई गुंडाळली, शाळेचे कपडे घेतले, मला मिठी मारली आणि म्हणाली, "सणापुरतं, आई. मला बाबांच्या बाजूने चालायला हवं." अक्वाम्बोला बापाच्या कंपनीबरोबर चालायचं हे बरोबरच आहे. दर वर्षी ती चालते आणि दर वर्षी मी तिच्या कपाळाला पांढरी माती लावून पाठवते. या वर्षी तिने कपाळ पुढे केलं नाही.

आणि तिच्याकडूनच कळलं. तू कप्तान होतोयस.

मला दोनदा विचारावं लागलं. कोण? आपले बाबा? इंग्रजीत भाषणं करणारे? ढोल ऐकला की डोकं दुखतं म्हणणारे? तुझ्या वडिलांची जागा रिकामी होती हे मला ठाऊक आहे, आणि तू तिला 'म्हाताऱ्यांचा खेळ' म्हणायचास हेही. नवा कप्तान म्हणजे नवं निशाण आलंच, आणि त्यावर समोरच्या कंपनीला उत्तर आलंच. तुझं उत्तर काय आहे ते मी एसीला विचारलं नाही. ती सांगणारही नव्हती.

आता माझं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आज मंगळवार, होड्या किनाऱ्यावर. मी ठरवलं होतं की होडीही पुसायची. ना कोंबडा ना होडी, सगळी भिंत पांढरी करायची आणि तुला निरोप धाडायचा. शिडी लावली, बादली वर नेली. आबा काठी टेकत आले आणि खाली उभे राहिले. मला वाटलं ओरडतील. त्यांच्याशी भांडायची मी तयारी केली होती, तोंडात वाक्यं तयार होती. ते काठीवर हनुवटी टेकून वर बघत राहिले.

मी कुंचला चुन्यात बुडवला आणि होडीच्या टोकाशी नेला. आणि हात पुढे जाईना.

आबांना भिऊन नव्हे. ते नसते तरी तेच झालं असतं. ती माझ्या बापाची होडी आहे, त्याच्या बापाची आहे, माझा एक भाऊ तिच्यातून गेला तो परत आला नाही. बांधकाम चालू होतं तेव्हापासून दर शुक्रवारी शाळेच्या पोरांना मी कलाघर दाखवते आणि सांगते, चिन्ह म्हणजे फक्त रंग आणि आकार, ते कुणाच्या बापाचं नसतं. हे मी इतक्या वेळा म्हटलंय की मला ते खरं वाटत होतं. कुंचल्यातून चुना गळून माझ्या पायावर पडत राहिला आणि मी उतरले.

मला माझाच धक्का बसलाय. तू माईक ठेवून गेलास त्याहून मोठा. त्या दिवशी तू ठरवून गेला नसणार, हे आज मला कळलं. तुझे पाय गेले. तू एवढं एक वाक्य लिहून पाठवलं असतंस तर मी तुला त्याच दिवशी समजून घेतलं असतं. नसतं घेतलं, खोटं कशाला बोलू? पण आज घेतलं.

एसीला रात्री खोकला येतो. आल्याचा रस दे.

अराबा


रविवार, ९ ऑगस्ट

कोबिना,

महिनाभराने तुझं पत्र आलं आणि तेही दोन ओळींचं. 'आम्ही दोघं आज संध्याकाळी घरी येतो. भिंतीचं काय ते भिंत बघून घेईल.' मी ते वाचून मानसासमोर रडले. तिने तिच्या पदराने माझं तोंड पुसलं आणि त्याला मिरचीचा वास होता, त्यामुळे आणखी रडले.

तुमच्यासाठी मी काय काय करून ठेवलं असतं ते तुला ठाऊक आहे. पण येऊ नका. कारण सांगते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्यापर्यंत येण्याआधी माझ्याकडून यायला हवं.

काल तुमची मिरवणूक शिवेवर आली तेव्हा मी कलाघराच्या पायरीवर उभी होते. आबांची खुर्ची माझ्या शेजारी, आमच्या कंपनीचे सगळे मागे. ढोल आधी आले, मग तू आलास, वडिलांचा झगा घालून. तुला तो शोभत होता. मग तुमच्या नव्या निशाणाची घडी उलगडली. उलटी झालेली होडी, आणि तिच्या पोटावर उभा राहून आरवणारा कोंबडा. एवढं नेटकं काम मी या किनाऱ्यावर पाहिलेलं नाही. कोंबड्याच्या शेपटीचे तुकडे कुणी शिवले त्याला माझा नमस्कार सांग.

उलटी होडी. आमच्याकडे तिचा अर्थ काय होतो ते तुला सांगायला नको. माझ्या भावाची होडी तशी सापडली होती. तुझ्या ते लक्षात नव्हतं, हे मी मानते. माझ्या लक्षात तरी कोंबड्याचं कुठे होतं?

मागे आमच्या लोकांचा आवाज चढला. मी फक्त निशाणाकडे बघत होते. नाचणारीच्या हातात ते फिरत होतं, झुकत होतं, जमिनीला टेकून पुन्हा उसळत होतं, आणि दर वेळी ती होडी माझ्या तोंडासमोर उलटी होत होती. तेवढ्यात आबांनी काठी वर केली. त्यांचा आवाज अजून किती मोठा लागतो ते तू ऐकलंस. "कुणी जागचं हलायचं नाही. नाचतेय ती माझी नात आहे." सगळे थांबले. तिथवर तू पाहिलंस, आणि म्हणूनच तू येतोयस. मानसाने सांगितलं, वरच्या आळीत आबांचं फार कौतुक चाललंय म्हणून.

पुढचं तू पाहिलं नाहीस. ढोल पुन्हा सुरू झाले तेव्हा आबा माझ्याकडे वळले आणि हळू म्हणाले, "अराबा, ते खाली ठेव."

मी म्हटलं, "काय?"

"हातातलं."

माझ्या हातात दगड होता. कलाघराच्या कुंपणासाठी आपण आणून टाकलेल्या ढिगातला. तो मी केव्हा उचलला, वाकले केव्हा, मला काही आठवत नाही. बोटं इतकी आवळलेली होती की आबांना ती एकेक करून सोडवावी लागली. मग त्यांनी तो दगड स्वतःच्या झग्यात घेतला, कुणाला दिसू नये म्हणून.

आज सकाळी त्यांनी आपण होऊन भिंत पुसायला दोन माणसं पाठवली. म्हणाले, नात नाचली, झालं, आता मिटवा. मी त्या माणसांच्या आणि भिंतीच्या मध्ये उभी राहिले. बराच वेळ. मग बाजूला झाले. आता भिंत पांढरी आहे. आयामपोकाने येऊन तिच्यावरून हात फिरवला आणि सुकू दे म्हणाली.

तू म्हणशील, झालं ते झालं, निशाणाच्या फडफडीआड तुला पोरीचा चेहरा दिसला नसेल. मीही रात्रभर स्वतःला हेच सांगत होते. पण ते खरं नाही, कोबिना. तिचा उजवा पाय आधी पडतो, ते मी लांबूनच ओळखलं होतं. तिच्या गळ्यात माझे मणी होते. ती एसी आहे हे मला पहिल्यापासून दिसत होतं, आणि तरी दगड माझ्या हातात होता.

म्हणून तिला थोडे दिवस तुझ्याकडेच ठेव. ती विचारेल, आई का नको म्हणते. काहीही सांग, फक्त हे सांगू नकोस. मी रोज संध्याकाळी वरच्या आळीच्या तोंडाशी येईन आणि एबोकाका पाणी देतील ते बाहेर उभी राहून पिईन. तिला लांबून बघता आलं तर बघेन.

अराबा